हँडलवरची चिठ्ठी

वादिराजरावांना सायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तंजावरातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीची समजूत नेमकी उलट होती. साठी ओलांडलेला हा निवृत्त मास्तर रोज सकाळी सातच्या सुमाराला सायकल हाताने ढकलत, पापनाशमची गाडी पकडायला, स्टेशनाकडे निघे. मग घरोघरच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कापी पीत बसलेल्या सोबत्यांची चांगली करमणूक होई.

"मास्तर, पापनाशमला तरी तिच्यावर बसतां, की तशीच फिरवून आणतां?" कोणीतरी विचारी.

"गावात गर्दी फार," मास्तर म्हणत. "तिकडे रस्ता मोकळा."

म्हातारचळ म्हणून लोक हसत आणि मास्तरही हसत. त्यांना लोकांनी हसायलाच हवं होतं. हसणारी माणसं फारशी चौकशी करत नाहीत, हे तीस वर्षं वर्ग सांभाळून ते शिकले होते.

सायकल चालवायची ती त्यांची सून, राजम.

राजम त्यांच्या मुलाची, बाळकृष्णाची, बायको. बाळकृष्ण विषमज्वराने गेला त्याला दोन वर्षं झाली होती. नंतर मास्तरांनी नातेवाइकांची बोलणी खाऊन सुनेला इस्पितळात सुइणीचं शिक्षण दिलं. तिला नोकरी लागली ती पापनाशमपलीकडच्या पाच खेड्यांची. भाताची शेतं, कालवे, नारळीच्या बागा, आणि एका गावाहून दुसरं गाव तीन-तीन मैल. पायी फिरून पाच गावं होईनात. बैलगाडी मिळे तेव्हा मूल जन्मून रडून गप्प झालेलं असे. महिनाभर पाहून वरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की फेरी पुरी होत नसेल तर दुसरी बाई नेमावी लागेल.

तेव्हा राजमने सासऱ्यांना खाली मान घालून एक गोष्ट सांगितली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आपल्या नारळीच्या बागेत बाळकृष्णाने तिला सायकल शिकवली होती. तिला नीट चालवता येत होती.

आपल्या मुलाने आपल्यापासून एवढी गोड गोष्ट लपवून ठेवली, याचं मास्तरांना हसू आलं आणि रडूही आलं.

पण गल्लीतून सायकल नेणारी विधवा सून म्हणजे आठ दिवसांत नोकरी आणि घर दोन्हींवर गदा. म्हणून हा बेत. सायकल मास्तरांची. ते म्हणे पापनाशमपलीकडे शेत बघायला जातात. राजम दहा मिनिटं आधी पिशवी घेऊन निघे आणि बायकांच्या डब्यात बसे. मास्तर सायकल गाडीच्या शेवटी, गार्डच्या डब्यात चढवत. राममूर्ती गार्ड हँडलला चिठ्ठी बांधी आणि तिच्यावर इंग्रजीत लिही: वादिराजराव, तंजावर ते पापनाशम. कुंभकोणमला निघालेले कारकून आणि कॉलेजची पोरं डब्यांत शिरेपर्यंत हे सगळं आटोपलेलं असे.

पापनाशमला उतरून चिंचेखाली मास्तर सायकल तिच्या हाती देत. नऊवारी लुगड्याचा काष्टा असला की पुरुषी सायकलची दांडी काही आडवी येत नाही. ती दोन पावलं पळे, टांग टाके आणि कालव्याच्या रस्त्याने दिसेनाशी होई. मग मास्तर दिवसभर स्टेशनच्या बाकावर. दहीभाताचा डबा, एक पोथी, आणि संध्याकाळच्या गाडीची वाट. तीन महिन्यांत पोथीचं एक पान काही पुरं झालं नाही, कारण डोळे सारखे रस्त्याकडे.

घरात हे कोणाला ठाऊक नसावं, अशी त्यांची समजूत होती. घरात म्हणजे शेषम्माला.

शेषम्मा, त्यांची बायको, मुलगा गेल्यापासून गप्प झाली होती. त्याचं नाव तिच्या तोंडून पुन्हा आलं नव्हतं. सुनेशी बोलायची ते एवढंच, जेव, पाणी घे, कडी लाव. राग नव्हता. राजमकडे पाहिलं की तिला मुलगा दिसे, आणि ते तिला सोसत नसे. सायकल तर त्याचीच. मागच्या पडवीतून ती बाहेर काढली त्या दिवशी शेषम्मा "तुमचें तुम्ही पाहा" एवढं म्हणून आत निघून गेली होती. तिने सायकलला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आता हे हिला कळलं तर राजमची नोकरी त्याच दिवशी संपेल, या भीतीने मास्तरांना रात्री झोप लागत नसे.

आणि एका सकाळी विहिरीच्या ओल्या पायरीवरून मास्तर घसरले.

घोटा बघता बघता भोपळ्यासारखा सुजला. पाऊल टेकवताच डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडीला पाऊण तास उरला होता. ते तिण्णैवर पाय पसरून बसले, आणि राजम पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"मामंजी, आज मी पायीच जातें," ती हळूच म्हणाली.

"त्या चंद्रमतीचे दिवस भरलेत ना?"

"काल मूल आडवें होतें. सकाळीं लवकर ये म्हणून तिच्या घरच्यांनीं सांगून ठेवलें आहे."

चंद्रमतीचं गाव स्टेशनपासून सात मैल. पायी जायचं म्हणजे दोन-अडीच तास. मास्तरांनी खांबाला टेकलेल्या सायकलकडे पाहिलं. समोरच्या ओट्यावर अंबुजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांचं निम्मं लक्ष इकडेच होतं. काय थाप मारावी? सायकल दुरुस्तीला पाठवतो म्हणावं? शेत बघायला सुनेला पाठवतो म्हणावं? तीस वर्षं पोरांच्या थापा पकडणाऱ्या मास्तरांना ऐन वेळी स्वतःला एक धड थाप सुचेना.

तेवढ्यात शेषम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. तिने नवऱ्याचा पाय पाहिला, सुनेची पिशवी पाहिली. मग ती सरळ खांबाकडे गेली आणि सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"अगे, हें काय करतेस?" मास्तर म्हणाले.

"तीन महिने हिच्या लुगड्याच्या काठाचें काळें मी काढतें," शेषम्मा म्हणाली. "खोबरेल लावून, शिकेकाईनें. साखळीचें वंगण सहज जात नाहीं. तुमच्या धोतराला एवढासा डाग नाहीं. मला काय दिसत नाहीं?"

मास्तरांनी आपल्या पांढऱ्या धोतराकडे पाहिलं. राजमने लुगड्याचा काठ मुठीत लपवला.

"चल," शेषम्मा तिला म्हणाली. "गाडी तुझ्यासाठीं थांबायची नाहीं."

देवळाखेरीज उंबरा न ओलांडणारी ती बाई भर सकाळी गल्लीच्या मधोमध सायकल ढकलत निघाली. तिला ती नीट धरताही येत नव्हती. पेडल दर दोन पावलांना नडगीवर आदळत होतं.

"शेषम्मा, सायकल घेऊन कोठें?" अंबुजाबाईंनी विचारलंच.

"सुनेला गाडींत बसवायला. तिकडे बाळंतीण खोळंबली आहे."

पुढे कोणी काही विचारलं नाही. म्हणजे मागून पुष्कळ बोलले असतील, पण त्या वेळी शेषम्माच्या तोंडाकडे पाहून धीर झाला नसावा.

ती परत आली आणि नवऱ्याच्या घोट्याला आंबेहळद लावायला बसली. तिच्या लुगड्याच्या काठावर काळा पट्टा उमटला होता. मास्तरांनी तो पाहिला.

"तुझें लुगडें," ते म्हणाले.

"असूं दे."

तो दिवस मास्तरांना फार लांब गेला. पापनाशमचा बाक त्यापेक्षा बरा होता. तिथून निदान रस्ता तरी दिसे. संध्याकाळी शेषम्मा कोणी न सांगता पुन्हा स्टेशनावर गेली.

अंधार पडायच्या आत दोघी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. सायकल राजमच्या हातात आणि पिशवी शेषम्माच्या. दोघी बोलत येत होत्या. काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, पण बोलत होत्या हे नक्की, आणि मास्तरांनी डोळे पुसून घेतले.

"मुलगी झाली, मामंजी," राजम म्हणाली. "दोघीही बऱ्या आहेत."

शेषम्माने सायकल खांबाला टेकवायला लावली. हँडलला चिठ्ठी अजून तशीच होती. तिने ती सोडवून नवऱ्यापुढे धरली. तिला ती अक्षरं येत नव्हती.

"सकाळीं त्या गार्डानें विचारलें, मास्तरांचेंच नांव घालूं का म्हणून. मी दुसरें सांगितलें. नीट लिहिलें आहे का पाहा."

मास्तरांनी चष्मा लावला. राममूर्तीचं अक्षर किरटं, पण स्वच्छ होतं.

"राजम बाळकृष्णराव," त्यांनी वाचलं. "तंजावर ते पापनाशम."

शेषम्मा खांबाला धरून खाली बसली. दोन वर्षांत त्या घरात ते नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. आज तिने ते गार्डच्या डब्यापाशी उभं राहून, चारचौघांत घेतलं होतं.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा वाचलं.