तोंडाला कुलूप लावून शिकवणं

मला गप्प बसता येत नाही. इंग्रजी नुकतंच शिकू लागलेल्या मोठ्या माणसांना मी रुग्णसेवेच्या परीक्षेसाठी शरीरशास्त्र शिकवते, तेही इंग्रजीतूनच. प्रश्न मी विचारते, उत्तर मीच देते आणि शेवटी ‘समजलं?’ म्हटलं की सगळे माना डोलावतात.

आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. “समजलं का, असं विचारायचं नाही. प्रश्न विचारा आणि तोंडाला कुलूप लावा. परक्या भाषेत वाक्य जुळवायला वेळ लागतो.” आज त्या माझा पाठ तपासायला मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. नापास झाले तर वर्ग दुसऱ्याकडे जाणार होता. त्याच वर्गात माझी वहिनी होती. परीक्षा तोंडावर आलेली आणि नव्या माणसासमोर तिची दातखीळ बसते.

टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय होतं. “डावी भिंत उजवीपेक्षा जाड का?” मी इंग्रजीत विचारलं आणि थांबले.

मी मार्करचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. शेवटी वहिनी उठली. तिने हृदय हातात घेतलं आणि चाचरत इंग्रजीत म्हणाली, “उजवी बाजू फुप्फुसाला रक्त देते. ते जवळ. डावी बाजू...” आणि अडली.

वहिनी अडली की मी वाक्य पुरं करते. बँकेत, दवाखान्यात, घरी जेवतानासुद्धा.

“सगळ्या शरीराला,” मी बोलून गेले.

वहिनीने हृदय खाली ठेवलं आणि निमूट जागेवर जाऊन बसली. मागे बाईंचं पेन चालू झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. मी हृदय उचललं आणि वहिनीच्या हातात दिलं. “माझं उत्तर राहू दे. तुमचं पुरं करा,” म्हटलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.

मी ओठ दाताखाली धरून ठेवला होता.

“डावी बाजू पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलते,” वहिनी म्हणाली. “लांब. म्हणून ताकद जास्त. म्हणून भिंत जाड.”

“मग डोक्याकडे वर कोण चढवतं?” वर्गातले टॅक्सीवाले काका म्हणाले. हे गृहस्थ आजवर फक्त मान डोलवायचे. वहिनी त्यांच्याकडे वळली. मी उठले नाही.

“पास,” बाई जाताना म्हणाल्या. “पण काठावर.”

जेवताना दादाने विचारलं, “काय झालं गं पाठाचं?” मी तोंड उघडलं, वहिनीकडे पाहिलं आणि मिटलं.

“पास झाल्या वन्सं,” वहिनी म्हणाली आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. मध्येच अडली. दादाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही.