कुट्टीची एकादशी

"तें पाकीट आंत आणूं नोको. मागच्या दाराशीं ठेव," भीमसेन म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून जपाला बसले.

मागच्या दाराशी आमची धुण्याभांड्यांची जागा. तिथे मी बशी मांडली, पाकिटाचं तोंड कापलं आणि पदर नाकाला लावला. आत मासा होता, रश्श्यासकट, मांजरांसाठी तयार केलेला. साठी उलटली तरी मासा मी एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. कुट्टी आली, तिने बशी हुंगली, मागचा पाय झटकला आणि बादलीमागे जाऊन बसली. ही चौथी खेप. काल सकाळपासून तिच्या पोटात चार घोट पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं.

मी मूळची सोलापूरची. लग्न करून तमिळ मुलुखातल्या या तंजावरी मराठी घरात आले त्याला छत्तीस वर्षं झाली. पहिले सहा महिने नवऱ्याचं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. मग कान सरावले. भीमसेन अंबत्तूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तांबरमच्या या घरून पहाटे निघायचं, दोन गाड्या बदलायच्या, डब्यात दहीभात. कॅन्टीनमध्ये बुधवारी मासे शिजत, म्हणून त्या दिवशी ते डबा घेऊन भंगाराच्या शेडमागे जात. पुढे पुढे रोजच तिथे जेवू लागले. तेहतीस वर्षं नोकरी केली, पण कोणाच्या घरचं बोलावणं आलं नाही आणि यांनीही कोणाला बोलावलं नाही. माणूस वाईट नाही हो. सोवळं माणसाला जपतं तसं एकटंही पाडतं, एवढंच. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

निवृत्तीनंतर महिन्याभरात ही मांजरी याच मागच्या दारातून घरात शिरली. मुठीत मावेल एवढी. यांनी बोटावर दहीभात घेऊन पुढे धरला आणि तिने तो चाटला. नाव ठेवलं कुट्टी, म्हणजे तमिळमध्ये छोटी. तेव्हापासून चार वर्षं दोन्ही वेळा आधी तिचा घास, मग यांचं ताट. बशीतलं ती नाइलाजाने खायची. खरं जेवण यांच्या हातावर. एकादशीला घरात भात शिजत नाही, त्या दिवशी तिला नुसतं दूध. आल्यागेल्याला हे मोठ्या कौतुकाने सांगायचे, "आमची कुट्टी एकादशी करते." लोक हात जोडायचे. खोटं कशाला बोलू, मीही सांगायचे. आमच्या आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं होतं काय?

गेल्या आठवड्यात ती दाराच्या चौकटीवर आपटली. परवा खिडकीत उडी मारायला गेली आणि खालीच पडली. काल तिला टोपलीत घालून स्टेशनजवळच्या जनावरांच्या डॉक्टर लावण्या यांच्याकडे नेलं. वयाने आमची मुलगी शोभेल अशी बाई. तिने कुट्टीच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग विचारलं, ही खाते काय?

"तयिर सादम," भीमसेन म्हणाले. दहीभात. वर तमिळमध्येच अभिमानाने म्हणाले, मांसाचा कण नाही.

डॉक्टरने बॅटरी खाली ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सावकाश समजावलं की मांसाशिवाय मांजराचे डोळे जातात आणि हृदय थकतं. हिचे डोळे गेले, ते परत यायचे नाहीत. तिने माशाची पाकिटं पुढे ठेवली. हृदय कदाचित सावरेल, पण आजपासून हे खाणं सुरू झालं तरच. आणि उपाशी अजिबात ठेवू नका, दोन दिवसांत यकृत बिघडतं. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर परवा सकाळी दहाला घेऊन या, भूल देऊन खाण्यासाठी नळी घालावी लागेल. भूल या हृदयाला सोसेल का, ते मात्र सांगता येत नाही.

घरी येऊन मी शहाणपणा केला. मासा दहीभातात कालवला आणि वर नुसत्या दहीभाताचा थर दिला. कुट्टीने एकदा जीभ लावली आणि तोंड फिरवलं. त्यानंतर साधा दहीभातही ती हुंगेना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

आता चार वाजले होते. त्यात आज एकादशी, भीमसेनांच्या तोंडात काल संध्याकाळपासून पाणीसुद्धा नव्हतं. मी डॉक्टरला फोन लावला. पाकीट कोमट करून पाहिलं का? पाहिलं. बशी बदलली का? बदलली. जरासं ओठाला लावलं? लावलं, तिने पुसून टाकलं.

"रोज कोणाच्या हातून खाते?"

"यांच्या."

"मग त्यांनाच भरवायला सांगा," ती म्हणाली, आणि तिला दुसरा फोन आला.

मी देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. "ती तुमच्याच हातून खाईल म्हणतात."

माळ थांबली. "आज एकादशी आहे, विमला."

"माहितेय मला."

"उद्यां द्वादशी. पारणें होऊं दे, मग पाहूं."

"उद्या दहाला नळी आहे."

"तें हात लावल्यावर देवाला कोण शिवणार? मीं कसां शिवूं?"

इतक्या वर्षांत या घरात मी आवाज चढवला नव्हता. "तिने मागितली होती का एकादशी?" मी म्हणाले. "पुण्य म्हणून आपण दोघांनी मिरवलं आणि डोळे गेले तिचे. आता जीवही जाऊ द्यायचा का?"

बोलून बसले खरी, पण हा माणूस उठला नाही तर उद्याची सकाळ मला एकटीला पाहावी लागणार होती.

मग ते उठले. माळ डबीत ठेवली, सोवळं सोडून खुंटीला अडकवलं आणि जुनी वेष्टी, इकडचं लुंगीसारखं धोतर, गुंडाळली. जाता जाता म्हणाले, "सांजेचा दिवा तूं लाव."

धुण्याच्या दगडावर बसून त्यांनी उजवा हात पुढे केला. "पीळ."

मी कोमट पाकीट त्यांच्या बोटांवर पिळलं. हात एकदा मागे गेला. मग पुन्हा पुढे आला.

"कुट्टी, ये."

बादलीमागे हालचाल झाली. ती आवाजाच्या रोखाने आली आणि यांच्या गुडघ्यावर आपटली. आधी मनगट हुंगलं. मग बोटं. परत मनगट. एकदा जीभ लावली आणि थांबली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, तिचे कान हलले, आता पळते की काय असं वाटलं. पण ती पळाली नाही. तिने पुन्हा जीभ लावली आणि मग चाटतच सुटली.

"अजून पीळ," भीमसेन म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने उजवं कोपर सावरून धरलं होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता. "मीं अंधळी केलों हिला, विमला."

"आपण दोघांनी," मी म्हणाले आणि उरलेलं पाकीट पिळलं.

भुकेली कुट्टी अधाशासारखी खात होती. मध्येच तिला ठसका लागला. भीमसेन तिच्यापुढे वाकले, पंगतीत यजमान पाहुण्यापुढे वाकतो तसे, आणि अगदी हळू म्हणाले, "सावकाश होऊं दे."