माझी घडी मोडली

मित्रांनो, मी एक ब्लाउजपीस आहे. वयाने जुना, पण परवापर्यंत अंगाला सुई लागलेली नव्हती. माझ्या जातीचं नशीबच तसं. आम्ही दुकानातून निघतो ते कुणाच्या अंगावर जायला नाही, ओटीत पडायला.

माझा कापूस वडनेरकडच्या काळ्या शेतातला. बायांनी तो उन्हातान्हात वेचला, गिरणीत त्याचं सूत झालं, मागावर मी विणला गेलो आणि डाळिंबी रंगाच्या हौदात बुडून निघालो. माझ्यापायी किती पाणी सांडलं, किती हात राबले! मला वाटलं, आता कुणीतरी हौसेने शिवणार.

मला घेतलं वडनेरच्या रुख्माबाईंनी. त्यांच्या मोहिनीचं लग्न सेलूत ठरलं होतं. साखरपुड्यात त्यांनी विहिणीची, म्हणजे धुरपताबाईंची, ओटी भरली ती माझ्यासकट. भरताना कुंकवाचं बोट माझ्या कोपऱ्याला टेकलं आणि ठिपका राहिला. "रंग मस्त आहे हो!" म्हणत धुरपताबाईंनी मला पेटीत टाकलं. पुढे मी त्यांच्या नणंदेकडे जाम गावाला गेलो. तिथून शेजारणीकडे, मग कुणाच्या बारशाला, कुणाच्या वास्तूला. प्रत्येकीने कौतुक केलं आणि प्रत्येकीने पुढे ढकललं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं. फिरत फिरत मी पुन्हा धुरपताबाईंच्याच पेटीत येऊन पडलो. त्यांनी मला मुळीच ओळखलं नाही.

मोहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. तिला न्यायला रुख्माबाई आल्या. धुरपताबाईंनी त्यांची ओटी भरायला घेतली आणि मित्रांनो, नेमका मीच हाती लागलो!

रुख्माबाईंनी ठिपका लगेच ओळखला. मला पदरात घेऊन त्या मोहिनीसह निघाल्या. घरी आल्यावर मात्र भडका उडाला.

"माह्यंच कापड मलेच देते! येवढी हलकी समजून राह्यली का मले? बारशाले तिले बोलावणार नाई म्हंजे नाई."

"आई, त्याईच्या ध्यानात नसंन आलं," मोहिनी म्हणाली. "लेकराची आजी आहे ते. तिच्याशिवाय बारसं कसं करू?"

"मी आहो ना आजी!"

मोहिनी रडत बसली. तिला त्याच घरी परत नांदायला जायचं होतं. दोन आज्यांचा अबोला शेवटी तिलाच निस्तरावा लागणार होता. माझा जीव कानकोंडा झाला. मला तर पेटीच्या तळाशी कोंबलं होतं.

ऐन वैशाखात मुलगी झाली. पाहुण्यांनी फ्रॉक आणले, झालरीचे, चमचमते, नायलॉनचे. एका दिवसात लेकराची पाठ घामोळ्यांनी भरली आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं. रुख्माबाईंनी मऊ सुती जुनेर शोधायला पेट्या उपसल्या. साड्या सगळ्या सुळसुळीत. धुवायला सोप्या, म्हणून वर्षानुवर्षं तशाच घेतलेल्या. परसातल्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस, आणि लेकराच्या अंगाला लावायला सुती चिंधी नाही!

"मोहिनी, कापसाच्या घरात कापड नाई व," म्हणत त्यांनी शेवटची पेटी उपसली. तेव्हा तळाशी मी दिसलो.

त्यांनी मला बाहेर ओढलं. मग उठल्या. खळ निघेपर्यंत, रंग जायचा थांबेपर्यंत मला धुतलं, वाळवलं आणि कात्री लावली. मित्रांनो, मला जरासुद्धा दुखलं नाही. माझी दोन झबली आणि एक टोपडं झालं. लेकरू अंगात झबलं घालून शांत निजलं. त्याचं इवलंसं पोट माझ्याखाली हळूहळू हलत होतं. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

रुख्माबाईंनी फोन उचलला. "इहीनबाई, बारशाले येजा. तुमच्या कापडाचं झबलं शिवलं. पोरगी गप निजली."

"मोहिनीनं सांगतलं मले सारं," धुरपताबाईंचा आवाज पडला होता. "चुकलं माह्यं. तुमचंच होतं ते."

"तुमचं नाई न् माह्यं नाई. आता तिचं झालं."

बारशाला धुरपताबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, अन् तिने माझ्यासकट आजीची नवीकोरी जरीची साडी भिजवली. धुरपताबाई दचकल्या. रुख्माबाई हसून म्हणाल्या, "घ्या, झबल्याची न् साडीची, दोघायचीही घडी मोडली!" मग दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

मित्रांनो, वापरून विरलेला कपडा वाया गेलेला नसतो, त्याने आपलं काम केलेलं असतं. वाया जातो तो पेटीत पडून राहिलेला. म्हणून नवं मागण्याआधी घरातल्या पेट्या उघडून बघा. माझ्यासारखा कुणी सापडला तर त्याला पुढच्या घरी ढकलू नका, शिवा, घाला, मळवा. आता मात्र मला जास्त बोलायला वेळ नाही. मी दोरीवर आहे, मला लवकर वाळायचंय. माझं दुसरं झबलंही तिने आत्ताच ओलं केलंय.