दगडाचे पाय

नदीकाठच्या पायवाटेवर ती पाहुण्यांना फिरवून आणायची. कुणी घाई केली, की म्हणायची, नदी काही पळून जात नाही. आज तीच चपला हातात घेऊन धावत सुटली होती. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा फोन आला होता आणि खाली जुन्या धक्क्यावर तिचे वडील नातीला खंड्याचा आवाज ओळखायला शिकवत बसले होते.

सगळा जन्म नाव वल्हवण्यात गेलेला माणूस. आता डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण ताठा तोच. धक्क्याच्या पायऱ्यांवर रखवालदाराचा दगडी पुतळा होता. त्याचे पाय भिजले की उठायचं, हा नावाड्यांचा शिरस्ता. तोवर परतीची खोलगट वाट कोरडी असायची. पण पाहुण्यांचे फोटो झकास यावेत म्हणून हिनेच गेल्या महिन्यात रखवालदाराला तीन पायऱ्या वर बसवून घेतलं होतं. काय मिरवली होती तेव्हा! बाबा आजारी होते, त्यांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, टाळलंच म्हणा ना.

खोलगट वाटेत पाणी गुडघ्याला लागलं. वेताच्या बेटामुळे धक्क्यावरून हे दिसणं शक्यच नव्हतं.

वाटेत पाणी शिरलंय, उठा, असं तिने धापा टाकत दोघांना सांगितलं. बाबा हसले. नातीला त्यांनी रखवालदाराच्या पायांवर नजर ठेवायला बसवलं होतं आणि पाय तर कोरडे ठणठणीत होते. तिने विनवलं, हात ओढला. म्हातारा ढिम्म हलेना. नदी काय आज बघतोय का, म्हणाले.



"बाबा, दगड मी हलवलाय."

त्यांचं हसू मावळलं. "किती?"

"तीन पायऱ्या."

त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि लेकीचा हात घट्ट धरून खोलगट वाटेतल्या पाण्यात उतरले. पाणी छातीला आलं. पायांनी चाचपत, एकेक पाऊल रोवत ते चालले होते. ती मनात देवाचा धावा करत होती.

चढावर पोचल्यावर पोरीने खांद्यावरूनच मागे वळून पाहिलं. सांगितलेलं काम तिने चोख केलं.

"आजोबा, आता भिजले हं पाय."

बाबांनी लेकीचा हात सोडला.