सहा जणांसाठी सहा कार्डं

"भाऊ, ते उलटं धरेल शे तुम्ही."

बन्सीलालने काउंटरपलीकडून हात लांबवला आणि उदेसिंगच्या हातातलं कार्ड सुलटं केलं. पंखांची बाई तेव्हा कुठे वर जाताना दिसू लागली. इतका वेळ ती खाली पडतेय असंच उदेसिंगला वाटत होतं, आणि त्याने ते कार्ड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

नंदुरबारच्या दवाखान्यापासून हे स्टेशनरीचं दुकान पंधरा मिनिटांवर होतं. नाताळाला पाच दिवस उरले होते. बन्सीलालने कार्डांचा खोका काउंटरवर ठेवला होता आणि उदेसिंगला निवांत बघा म्हणून सांगितलं होतं. पण निवांत बघणं आज त्याला जमणारं नव्हतं. दवाखान्यात त्याची मुलगी सीमा दोन दिवसांपासून कॉटवर होती.

सीमाला सिकलचा, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार होता. थंडी पडली की हातपाय ठणकायचे, दोनतीन दिवस सलाईन लागायचं, मग ती परत लोणखेड्याला जायची. तिथे एका डॉक्टरांकडे ती नर्स होती. या वेळी मात्र दुखणं छातीत शिरलं होतं. सकाळी डॉक्टर बराच वेळ तिची पाठ तपासत राहिले आणि आजचा दिवस बघू, एवढंच म्हणून पुढच्या कॉटकडे गेले. उदेसिंगने तेव्हाच तळोद्याच्या वरच्या पाड्यावर निरोप धाडला. बायको कोकिळा तूर कापायला तिकडे गेली होती. ती संध्याकाळच्या जीपने येणार होती.

उदेसिंग सीमाला सोडून यायला तयार नव्हता. तिनेच त्याला घालवलं. घरात ती दोघं भिलीत बोलत, तसंच हळू आवाजात ती म्हणाली, "आबा, तू इथे बसून माझा श्वास मोजतोस. त्यानेच मला धाप लागते. जा, माझी कार्डं घेऊन ये."

नर्सिंगचं शिकताना ती मिशनच्या होस्टेलला राहिली होती. तिथून ही सवय लागली होती. घरचे देव आपले डोंगरातलेच, पण डिसेंबर आला की ती चित्रांची कार्डं निवडायची आणि नाव घालून धाडायची. दवाखान्याच्या कागदाच्या पाठीमागे तिने सुई टोचलेल्या हाताने सहा नावं लिहून दिली. अक्षर वाकडं आलं होतं. सगळ्यांना एकच घेऊ नको, ज्याला जे शोभेल ते घे, असंही तिने बजावलं.

उदेसिंगने जन्मात कुणासाठी चित्र निवडलं नव्हतं. तो पंचायत समितीचे हातपंप दुरुस्त करायचा. वायसर, सॉकेट, पाइप यांतलं कुठलं कुठे बसतं हे त्याला डोळे मिटून कळायचं. इथे खोक्यात पंखांच्या बाया होत्या, चांदण्या होत्या, दाढीवाले म्हातारे होते.

तरी एकेक जमत गेलं. त्याची आई धनुबाई, सीमाची आजी. तिला आता कमी दिसायचं, आणि सगळी हयात तिने शेळ्या राखल्या होत्या. तिच्यासाठी त्याने मोठ्या मेंढ्यांचं चित्र घेतलं. कोकिळेसाठी तीन झोपड्या आणि वर एक चांदणी. झोपड्या अगदी पाड्यावरच्यासारख्या होत्या. मेहुणा वाहरू ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. एका कार्डावर गाढवावर बसलेली पोटुशी बाई होती, पुढे दोर धरून चालणारा नवरा आणि पाठीवर बोचकं. उदेसिंगने ते लगेच बाजूला काढलं. शिकवणाऱ्या चारुलता मॅडमसाठी दिवा. लोणखेड्याच्या मैत्रिणीसाठी, रोहिणीसाठी, लाल छातीचा पक्षी. पक्ष्याच्या पायाखाली सगळीकडे कापूस सांडल्यासारखं पांढरं होतं.

सहावं नाव होतं योगेंद्र. पुढे काही लिहिलेलं नव्हतं. हा योगेंद्र कोण, हे उदेसिंगला माहीत नव्हतं. आपल्या पोरीच्या आयुष्यात आपण कधी न ऐकलेला एक माणूस आहे, हे त्याला त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं. त्याला काय शोभेल ते कसं ठरवायचं, या विचारात तो खोका चाळत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

नंबर ओळखीचा नव्हता.

उदेसिंगचा हात तिथेच थांबला. सात वर्षांपूर्वी असाच अनोळखी नंबर आला होता. तेव्हा तो एका गावात हातपंप उघडून बसला होता. मोठा मुलगा अजित सुरतेला कामाला होता, त्यालाही सिकलच. हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोन शेजारच्या माणसाने त्याच्या कानाला लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. पाइप अर्धा वर आलेला होता. सोडला असता तर बोअरमध्ये गेला असता आणि गावाचं पाणी गेलं असतं. उदेसिंगने सगळं ऐकलं, पाइपला क्लॅम्प लावला, बोल्ट आवळला, आणि मग तो खाली बसला. अजित गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

फोन वाजून बंद झाला. उदेसिंगने तो काउंटरवर ठेवला. पुन्हा वाजला. पडद्यावर तोच नंबर.

"भाऊ, फोन वाजी ऱ्हायना तुमना," बन्सीलाल म्हणाला.

राँग नंबर आहे, असं उदेसिंग म्हणाला. आपण खोटं बोललो हे त्याला कळलं, पण जीभ मागे घेता येईना. जोवर फोन उचलत नाही तोवर सीमा कॉटवर आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो खोक्यातली कार्डं उलटत राहिला. एकही चित्र दिसत नव्हतं.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बन्सीलालने हळूच विचारलं, "मी उचलू का?"

उदेसिंगने मान हलवली. नको.

चौथ्यांदा फोन आला नाही. वाजत होता तेव्हा नुसती धडकी होती. थांबल्यावर मात्र त्याला उभं राहवेना. कार्डं, यादी, सगळं तिथेच टाकून तो रस्त्यावर आला आणि पळत सुटला. पंचावन्न वर्षांचा माणूस भर बाजारातून पळतोय म्हणून लोक वळून बघत होते.

वॉर्डात सीमाची कॉट रिकामी होती. चादर काढलेली होती आणि गादीवर फक्त रेक्झिनचं हिरवं कापड राहिलं होतं. उदेसिंगने कॉटचा लोखंडी दांडा धरला. कुणाला विचारावं हे त्याला सुचेना. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

शेजारच्या कॉटवरच्या बाईनेच आपणहून सांगितलं, की वर नेली, श्वास फार लागला होता.

वरच्या मजल्यावर आयसीयूच्या दाराशी सिस्टरने त्याच्यापुढे कागद केला. त्याने सही केली. सही करताना त्याने विचारलं, की आपण फोन उचलला नाही म्हणून उशीर झाला का. सिस्टर म्हणाल्या, उपचार कुणासाठी थांबत नाहीत, रक्त चढवणं चालू आहे. मग त्याच म्हणाल्या,

"फोन आम्ही नव्हता केला. माझ्या मोबाइलवरून तिनेच लावला होता. मास्क लावल्यावर बोलता येणार नाही म्हटल्यावर तिने मागून घेतला. तीनदा लावला."

उदेसिंगने पेन परत दिलं.

पुढचे चार दिवस त्याने दाराबाहेरच्या फरशीवर काढले. काचेतून सीमा दिसायची. नाकातोंडावर घट्ट मास्क, पट्ट्यांनी बांधलेला, आणि डोळे बहुतेक वेळ मिटलेले. कोकिळा आली, रडली, मग त्याच्याजवळ बसून राहिली. फोनचं त्याने तिला सांगितलं नाही. पोरगी जाईल ही भीती होतीच. तिच्याखाली दुसरी होती. जाताना तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि ऐकणारा माणूस पंधरा मिनिटांवर उभा राहून चित्रं चाळत होता. तिने काय सांगितलं असतं, हे तो परत परत जुळवून बघायचा. सगळ्यात बरं जे सुचायचं तेही सहन व्हायचं नाही.

तिसऱ्या दिवशी बन्सीलाल जिना चढून वर आला. त्याच्या हातात एक पाकीट होतं. यादी दवाखान्याच्या कागदावर होती, त्यावर सीमाचं नाव होतं, त्यावरून त्याने शोध घेतला होता. "तुम्ही निवडेल पाच यानामा शेतस," तो म्हणाला. "सहावं माले ठरावता उनं नही. म्हनीसन तीन-चार टाकी दिनात." त्याने पोरीची चौकशी केली, कोकिळेला हात जोडले आणि दुकान उघडं टाकून आलोय म्हणत तो गेला.

चोवीस तारखेला दुपारी सीमाचा मास्क काढला आणि तिला खाली वॉर्डात आणलं. चेहरा मूठभर झाला होता. आवाज खरवडल्यासारखा यायचा. डॉक्टर म्हणाले, या वेळचं निभावलं. या वेळचं, हा शब्द उदेसिंगने ऐकला.

कोकिळा चहा आणायला गेली तेव्हा तो कॉटच्या कडेला बसला. इतक्या दिवसांत जुळवलेली वाक्यं विसरून गेला.

"फोन माझ्यासमोर होता," तो म्हणाला. "वाजत होता. मी उचलला नाही."

सीमाने मान त्याच्याकडे वळवली.

"काय सांगायचं होतं तुला?"

"काही नाही, आबा. मला भीती वाटत होती. तेवढंच."

"मी उचलायला पाहिजे होता."

"हो," ती म्हणाली. "पाहिजे होता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण तिने ते पुसूनही टाकलं नाही. उदेसिंगला वाटलं, तिने काही नाही, चालतं, असं म्हटलं असतं तर आपल्याला श्वास घेता आला नसता.

थोड्या वेळाने तिने कार्डं मागितली. गाढवाचं चित्र पाहून हे वाहरूमामाचंच, असं ती त्याने न सांगताच म्हणाली. मेंढ्या आजीच्या उशाशी ठेवायला सांगितल्या. बन्सीलालने घातलेल्या कार्डांतून योगेंद्रसाठी तिने स्वतः एक निवडलं. खिडकी आणि आत उजेड, दुसरं काही नाही. तो प्रकाशा गावचा आहे, ती म्हणाली, मागच्या वर्षी याच वॉर्डात होता, त्यालाही सिकलच. मग एवढ्या बोलण्यानेच ती दमली. नाताळ उद्यावर आला होता, कार्डं आता उशिरा पोचणार होती. नवीन वर्षात पोचली तरी चालतील, असं तिने ठरवून टाकलं आणि डोळे मिटले.

झोपेत तिचा हात गादीवर उघडा पडला होता. उदेसिंगने तो धरला. पान्याने घट्टे पडलेल्या त्याच्या तळव्यात तिची बोटं फार हलकी होती. कोकिळेने चहा आणला, तो त्याने डाव्या हाताने घेतला. सिस्टर प्रेशर तपासायला आल्या. त्यांनी त्या दोन हातांकडे पाहिलं, कॉटला वळसा घातला आणि पट्टा पलीकडच्या हाताला बांधला.