पाच चमच्यांची पारख

आशाबाईंनी डोळे मिटले आणि पहिल्या चमच्यावरून अंगठा फिरवला.

ओसरीत पाटावर पाच चमचे ओळीनं मांडले होते. लग्नात आइस्क्रीमबरोबर देतात तसले, प्लास्टिकचे. नातीनं, प्रतिक्षानं, प्रत्येकावर वेगळ्या डब्यातला प्रायमर फवारला होता आणि दांड्यावर पेनानं आकडा टाकला होता. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधीचा हात, तो नीट बसला नाही तर वरचा रंग कितीही भारी असला तरी अंग खरखरीतच दिसतं, असं तिनं आजीला समजावून सांगितलं होतं. त्यावर आशाबाईंनी विचारलं होतं, की या घराच्या भिंती पन्नास वर्षं कुणी सारवल्या, तुझ्या आज्यानं का?

पहिला डबा जवळा बाजारच्या हार्डवेअरच्या दुकानातला, लोखंडी फाटकाला मारतात तो तांबडा. अंगठा फिरला तसा आशाबाईंचा ओठ वाकडा झाला. दुधावर साय धरावी तसा जाड बसला होता. दुसरा पांढरा; त्यानं प्लास्टिकच खाल्लं होतं, चमचा अजून बोटाला चिकटत होता. तिसरा राखाडी, स्वस्तातला, नदीची वाळू परवडली. चौथाही राखाडीच, पण हिंगोलीत मोटारीचे रंग मिळतात त्या दुकानातला. पाचवा प्रतिक्षानं फोनवरून मागवलेला, खास प्लास्टिकसाठीचा. तो डबा ती दोन्ही हातांनी उचलायची.

चौथा आणि पाचवा आशाबाईंनी दोन-दोनदा चाचपला. मग डोळे उघडले.

"दोन्हीत कचकच हाय."

प्रतिक्षानं दोन्ही चमचे उजेडात धरून पाहिले. तिच्या मांडीवर हळद शिजवायच्या कुकरचं एक हातभर मॉडेल होतं. अंगणात उभ्या असलेल्या खऱ्या कुकरच्या बाराव्या हिश्श्याचं. पाइपच्या तुकड्याचा ड्रम, प्लास्टिकच्या पत्र्याची भट्टी, चार चाकं, आणि ड्रमच्या शिवणीवर टाचणीच्या डोक्याएवढे अठ्ठेचाळीस खिळे, एकेक चिमट्यानं बसवलेले. पुण्यात विश्वजीत नावाच्या माणसाचा यंत्रांची अशी छोटी रूपं करायचा कारखाना होता. तिनं हे त्याला पाठवलं होतं. आठ दिवसांत ते चिठ्ठीसकट परत आलं. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: हात चांगला आहे, अंग खरखरीत आहे. सोमवारपर्यंत गुळगुळीत करून पाठवलंत तर गावात बसून करायचं काम देईन.

सोमवारी पुण्यात पोचायचं तर शनिवारी दुपारी औंढ्याच्या कुरिअरात पडायला हवं होतं. आज गुरुवार होता. प्रतिक्षाच्या वडिलांनी, शेषरावांनी, मंगळवारचा दिवस आधीच ठरवून ठेवला होता. त्या दिवशी बी.एड.चा फॉर्म भरायचा. इथं शिरड शहापुरात बसून पोरीनं खेळणी रंगवावी हे त्यांना पटत नव्हतं, आणि पटत नाही हे ते जेवताना रोज सांगत.

प्रतिक्षानं जुना रंग पाण्याखाली बारीक सँडपेपरनं घासून पुरता काढला होता. बोटांची टोकं सोलली होती. आता सहावा डबा मागवला तर तो यायलाच रविवार उजाडला असता.

आशाबाईंनी चौथा चमचा पुन्हा उचलला. नखानं खरवडला. जे भुरभुर निघालं ते त्यांनी धुतलेल्या ताटलीत झटकलं, कमरेची पिशवी सोडून चुन्याची डबी काढली आणि ओल्या चुन्याचं बोट त्यात फिरवलं. तळहातावर केलं असतं, पण हळदीच्या हंगामात या घरातला तळहात साक्षीला चालत नाही.

पांढरा चुना हळूहळू लालसर झाला.

प्रतिक्षा ताटलीकडं बघत राहिली. बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता, हळद पॉलिश करायचा ड्रम गरगर फिरत होता आणि त्याच्या जाळीतून पिवळी धूळ उडत होती. दीड महिना झाला, ही धूळ अंथरुणात होती, पिठात होती, ड्रमवरच्या गड्याच्या, दगडोबाच्या भुवयांत होती. डोळ्यांना ती इतकी सवयीची झाली होती, की या घरातल्या कुणाला ती धूळ म्हणून दिसतच नव्हती. ओल्या प्रायमरला मात्र ती बराबर सापडली होती.

"डब्याला काहून शिव्या देऊन राहिली?" आशाबाई म्हणाल्या. "आपली हळद लागली याला."

संध्याकाळी शेषराव हातपाय धुऊन ओसरीवर टेकले, तेव्हा आशाबाईंनी त्यांना सांगितलं की उद्या ड्रम बंद. शेषरावांना वाटलं ट्रॅक्टरमध्ये काही बिघाड झाला. खरं कारण कळलं तसा त्यांनी टॉवेल खाली ठेवला. निम्मी हळद पॉलिशची राहिली होती. ड्रम भाड्याचा, शनिवारी सकाळी तो तातेरावांच्या शेतातल्या आखाड्यावर जायचा होता, तिथून आठ दिवस हलायचा नव्हता.

"माय, खेळण्यापायी ड्रम बंद ठेवायचा? लोक काय म्हणतील?"

"तुझा बाप गेला त्या साली पाचव्या दिवशी म्या ड्रम चालू केला," आशाबाई म्हणाल्या. "लोक तवा बी बोलले. तुला तवा ऐकू आलं न्हाई. आज लेकरासाठी एक दिवस बंद म्हणलं, तर लगेच ऐकू येऊन राहिलं."

शेषराव उठून अंगणात गेले. थोड्या वेळानं ट्रॅक्टर बंद झाल्याचा आवाज आला. म्हणजे आवाज थांबला, आणि अंगण एकदम मोठं वाटायला लागलं.

आशाबाईंनी दिवेलागणीला अंगणात सडा मारला. पहाटे मारू म्हणत होत्या, पण ओल राहिली तर प्रायमर दुधाळतो असं प्रतिक्षानं सांगितलं, आणि आशाबाईंनी पोरीचं चक्क ऐकलं. रात्रीतून धूळ बसली. सकाळी आशाबाईंनी नातीला न्हायला लावलं, डोक्याला ओला पंचा गुंडाळला आणि हंगामभर पेटीबाहेर न आलेला ड्रेस घालायला दिला. देवाच्या नैवेद्यालाही त्यांनी इतकं सोवळं कधी पाळलं नव्हतं. दगडोबा सवयीनं कामावर आला, त्याला त्यांनी फाटकातूनच माघारी लावलं. तो शिंकला तरी पावशेर हळद पडेल, असं म्हणाल्या.

आधी दोन नवे चमचे. एकावर चौथा डबा, एकावर पाचवा. ऊन चढायच्या आत वाळले. दोन्ही गुळगुळीत, डोळ्यांना फरक सांगता येईना. प्रतिक्षाचा हात पाचव्याकडं गेला. एवढ्या लांबून आलेला, नावाजलेला डबा होता.

आशाबाईंनी तिला थांबवलं. उरलेल्या पत्र्यावर तसलेच चार खिळे बसवून त्याचे दोन तुकडे करायला सांगितले आणि दोन्ही डबे त्यांच्यावर मारायला लावले. वाळल्यावर पुन्हा डोळे मिटून त्यांनी नखाचं टोक एका तुकड्यावरून ओढलं, मग दुसऱ्यावरून.

"ह्याच्यात खिळे बुडले. ह्याच्यात मोजता येतात. कोणता हाय?"

खिळे मोजता आले तो चौथा होता. मोटारीचा, राखाडी.

मग प्रतिक्षानं डबा बराच वेळ हलवला आणि कुकर जुन्या पाटावर ठेवला. पहिला फवारा तिनं कुकरच्या बाहेर हवेतच सुरू केला, अंगावरून एका दमात नेला आणि पलीकडं हवेतच सोडला. आशाबाई मान डोलवत होत्या. सारवतानाही हात भिंतीवर थांबला की तिथं डाग पडतो. पहिला हात इतका पातळ होता की खालचं प्लास्टिक दिसत होतं. प्रतिक्षाला लगेच दुसरा मारायचा होता. आशाबाईंनी डबा काढून पदराखाली घेतला आणि पहिला सुकेपर्यंत दिला नाही. तीन हात झाले. दुपारनंतर वरचा हिरवा रंग चढला. कुकरचा ड्रम असा चकाकत होता की त्यात ओसरीचे खांब वाकडे होऊन उभे राहिले होते.

शनिवारी शेषरावांनीच तो छोटा कुकर औंढ्याला नेला. मोटारसायकलच्या टाकीवर, पोटाशी खोका ठेवून गेले.

फोन मंगळवारी आला. बी.एड.चा फॉर्म टेबलावर होता, शेषराव चष्मा शोधत होते. विश्वजीत आधी प्रतिक्षाशी बोलला. हे कुठं फवारलं, कसल्या खोलीत, असं त्यानं विचारलं. त्याच्याकडं काचेची बंद खोली होती, हवा गाळायचं यंत्र होतं, तरी त्याच्या माणसांच्या हातून असं अंग निघत नव्हतं. अंगणात, असं प्रतिक्षानं सांगितलं. मग तो म्हणाला की सहा यंत्रांचे नकाशे पाठवतो, पुण्याला यायची गरज नाही.

आशाबाईंनी फोन मागून घेतला.

"साहेब, खिळे मोजले का तुमी?"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. मोजले, म्हणाला. अठ्ठेचाळीस.

"मंग बराबर," आशाबाई म्हणाल्या आणि फोन नातीला परत केला, जणू पुढचं बोलणं किरकोळ होतं. त्या दिवशी चष्मा काही सापडला नाही. कुणी फार शोधलाही नाही.

पुढच्या रविवारी तातेरावांकडचं काम संपून ड्रम परत आला. दगडोबानं ट्रॅक्टर सवयीनं अंगणाकडं वळवला, तर शेषरावांनी हात आडवा करून फाटकातच थांबवला. त्यांनी घराकडं पाहिलं, गोठ्यापलीकडच्या मोकळ्या वावराकडं पाहिलं, मग ओसरीत नकाशे पसरून बसलेल्या लेकीला हाक मारली.

"प्रतिक्षा, इकडं ये जरा. वारं कुठून येऊन राहिलं ते बघ, अन् ड्रम कुठं लावू ते सांग."

प्रतिक्षा पेन्सिल कानाला लावून उठली आणि पायरी उतरली. आशाबाईंच्या तोंडाशी मुलासाठी चांगलं ठसक्याचं वाक्य आलं होतं. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं आणि बशीत आणखी थोडा ओतला.