बेबीला दिलेला शब्द

क्षमाच्या जलदान विधीच्या दिवशी प्रसेनजित सकाळपासून घराच्या दारात उभा होता. लोहाऱ्यात आलेल्या पाहुण्यांना वाटलं, जय भीम घालायला उभा आहे. तो एका माणसाची वाट अडवायला उभा होता.

बायको डेंगीनं आठ दिवसांत गेली. तो राग कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. पण दुसरा एक राग होता, त्याला नाव होतं, गाव होतं. आबाराव, तामलवाडीचा, क्षमाचा सख्खा चुलता. क्षमाचे वडील लवकर गेले, तेव्हा घर त्यानंच सांभाळलं, असं सगळे म्हणायचे. आज शोकसभेचा अध्यक्ष म्हणून पत्रिकेत त्याचंच नाव होतं. ते क्षमाच्या भावानं, बुद्धघोषनं, प्रसेनजितला न विचारता छापलं होतं.

लग्नानंतर चौथ्या वर्षी क्षमा पहिल्यांदा दुसरीच कुणी होऊन बोलली. भाजी चिरता चिरता विळी बाजूला सारली, गुडघे पोटाशी घेतले आणि आठ वर्षांच्या पोरीच्या आवाजात म्हणाली, मी बेबी. पुढं कधी एक जाड आवाजाची यायची, ती कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. नंतर क्षमाला यातलं काही आठवायचं नाही. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, बाहेरचं दिसतंय, देवऋष्याला दाखवा. प्रसेनजित चवताळला. आजोबांनी घरातले देव पोत्यात भरून नदीला सोडलेले, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या, आमच्यात अंगात येत नाही म्हणाला.

इथवर त्याचं बरोबर होतं. चूक पुढं झाली. अंगात येत नाही, म्हणजे ही ढोंग करते, असं त्यानं धरलं. बेबी आली की तो म्हणायचा, नाटक बंद कर. एकदा कानाखाली ठेवून दिली. ती रडली नाही, भिंतीकडं तोंड करून बसली. देवऋष्यानं मिरच्यांची धुरी दिली असती, यानं चापट दिली. देवऋष्याला शिव्या घालायचं तोंड त्या दिवसापासून आपल्याला उरलं नाही, हे त्याला फार उशिरा कळलं.

अशी तीन वर्षं गेल्यावर सोलापूरच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं, हे भूत नाही आणि ढोंगही नाही. लहान जिवाला सोसवलं नाही, म्हणून मनानं स्वतःचे वाटे केले. त्यातल्या एकीलाही हाकलायचं नाही. येईल तिला बसवा, कशाची भीती वाटते ते विचारा. भुताशी गप्पा मारायच्या आणि गंडा बांधायचा यात फरक काय, असं प्रसेनजितला आधी वाटलं. पण त्यानं केलं. बेबी आली की तिचे पाय गार फरशीवर टेकवायचा, समोर बसायचा आणि सांगायचा, हे लोहारा आहे, हे तुझं घर, तू आता मोठी झालीस, कडी आतून लावलीय. सात वर्षं. जाड आवाजाची बेबीची राखण करते, हेही उमगलं. हळूहळू क्षमाला मधले हरवलेले तास आठवायला लागले. ती एकटी एसटीनं सोलापूरला जाऊन यायला लागली.

एका दुपारी बेबीनं सगळं सांगितलं. कोण, कुठल्या खोलीत, किती दिवस. मग विचारलं, "आबा हितं येनार न्हाय ना?"

"न्हाय. दारात मी हाय."

संध्याकाळी क्षमानं त्याच्याकडून दुसरा शब्द घेतला. आई आहे तोवर हे कुणाला सांगायचं नाही, म्हातारीला सोसणार नाही. दोन्ही शब्द एकाच बाईला दिलेले. ती गेली म्हणून ते फिटत नव्हते.

अकराला प्रवासी जीप थांबली. आबाराव उतरला, पांढरेशुभ्र कपडे, हातात फुलांचा हार.

"आबा, तुम्ही आत यायचं न्हाय," प्रसेनजित म्हणाला.

आबाराव लोकांकडं बघून समजूतदार हसला. "दुक्खात मानूस बोलतंय कायबी. आरं, म्या तिला खांद्यावर खेळवलीय."

प्रसेनजितची मूठ वळली. त्यानं ती पाठीमागं नेली. बुद्धघोष धावत आला. भंतेजी येऊन बसलेत, एवढा समाज बघतोय, काय असेल ते मागाहून बोलू, असं सगळं त्यानं दबक्या आवाजात सांगितलं. ऐकत नाही म्हटल्यावर म्हणाला, कारण सांगा, नाहीतर बाजूला व्हा.

कारण जिभेच्या टोकावर होतं.

"कारण सांगनार न्हाय. ह्यो मानूस आत येनार न्हाय."

"बहिणीचं येड आता दाजीला लागलं," बुद्धघोष लोकांना म्हणाला. दोघंतिघं हसलेसुद्धा.

तेवढ्यात आतून केशरबाई उठली. सत्तरीची सासू, लेकीच्या फोटोजवळ बसलेली. आता ही दिराला हाताला धरून आत नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि खाली बघत म्हणाली, "भावजी, परत जावा. पोरगी कवाच सांगून गेलीय मला."

आबारावचं हसू गेलं. प्रसेनजितला वाटलं होतं, हे ओझं उतरलं की मोकळं वाटेल. त्याच्या अंगाची उलट आग झाली. ज्या म्हातारीसाठी क्षमानं एवढी वर्षं तोंड शिवून घेतलं, तिला माहीत होतं.

"मामी, कवापासून ठावं हाय?" त्यानं विचारलं.

"ती दुसरीत व्हती. म्हनली, आबा वंगाळ हाय." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "घर त्याच्यावर चालत व्हतं रं. म्या तिलाच गप केली."

आईला सांगितल्याचं क्षमाला आठवतही नव्हतं, ते बेबीपाशीच राहिलं होतं. आबाराव हार घेऊन मागं वळला आणि रस्त्यापलीकडच्या टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसला. जीप माणसं भरल्याशिवाय निघणार नव्हती.

"तुम्ही आई हाव, आत बसा," प्रसेनजित सासूला म्हणाला. "पर फोटोजवळ न्हाय. मागं."

केशरबाई शेवटच्या सतरंजीवर जाऊन टेकली. बुद्धघोष तिच्या शेजारी बसला नाही. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं. आत सगळ्यांनी हात जोडले. नवऱ्यानं पुढं बसावं म्हणून कुणीतरी खूण केली. प्रसेनजितनं मान हलवली. तो दारातच उभा राहिला, पाठ घराकडं आणि तोंड टपरीकडं, जीप सुटेपर्यंत.